तीनशेच्या वर पाहिजे

सोयाबीनची काढणी सुरू झाली की हिमायतनगरच्या रस्त्यांवर मळणीयंत्राचा भुसा उडू लागतो. पाठोपाठ कापूस येतो. काळ्या रानातला फुफाटा तर असतोच. या दिवसांत गाड्यांच्या एअर फिल्टरना उसंत नसते आणि गॅरेजवाल्यांनाही नसते. इथला एक मेकॅनिक चेकलाईट लागलेल्या गाडीला स्कॅनर लावतो, कोड वाचतो आणि त्या कोडवर विश्वास मात्र ठेवत नाही. मुद्दाम जाऊन बघावं असं कारण एवढंच.

त्याला सगळे उस्ताद म्हणतात. समोर आलेली गाडी डिझेल, 1248 सीसीची. मूळचं फियाटचं हे इंजिन एके काळी मारुती आणि टाटाच्या गाड्यांतही बसायचं, त्यामुळे जिल्ह्यात ते न उघडलेला मेकॅनिक सापडणं अवघड.

“उस्ताद, गाडी पिकपच घेईना. काळा धूर मारालीय. सेन्सरबी बदलला.”

“कोणता?”

“हवेचा. नवा टाकला.”

“जुना कुठंय?”

“डिक्कीत.”

“फेकला नाही, बरं केलं.”

स्कॅनरवर पी 0101 उमटतो. आधीच्या मेकॅनिकलाही हाच कोड दिसला होता आणि त्याने सेन्सर बदलून मोकळं केलं होतं. वास्तविक हा कोड सेन्सर मेला असं म्हणतच नाही. मोजलेली हवा अंदाजात बसत नाही, एवढीच त्याची तक्रार. तारेत किंवा सर्किटमध्ये बिघाड असला तर बहुधा 0100, 0102 किंवा 0103 येतो. एका आकड्याच्या फरकासाठी गिऱ्हाइकाचे काही हजार जातात, आणि ते वाचवायची घाई कुणालाच नसते.

हा सेन्सर एअर फिल्टरच्या पुढच्या नळीत बसतो. आत एक बारीक पापुद्रा असतो. तो भोवतालच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवलेला असतो. वाहती हवा त्याची उष्णता नेते आणि ती किती नेते यावरून किती वजनाची हवा आत गेली हे संगणकाला कळतं. 1980च्या दशकात पापुद्र्याऐवजी उघडी तार असायची. इंजिन बंद केल्यावर ती क्षणभर लाल करून तिच्यावरची धूळ जाळली जाई. पापुद्र्याला ती सोय नाही. त्यामुळे धूळ बसली की तो आळसावतो आणि हवा कमी दाखवतो.

उस्ताद आधी फिल्टर काढतो. मग सेन्सरकडच्या बाजूने नळीत बोट फिरवून उजेडात धरतो. बोट कोरडं, स्वच्छ. तिथे धूळ लागली असती तर फिल्टरचा रबर नीट बसलेला नाही आणि भुसा थेट आत चालला आहे, हे तिथेच कळलं असतं. होजपाईप, क्लॅम्प आणि कपलरच्या पिना बघून होतात. सगळं ठीक.

मग तो स्कॅनरमध्ये कोडाचं पान सोडून हवेच्या आकड्यांचं पान उघडतो. आयडलिंगला 180 मिलिग्रॅम.

“तीनशेच्या वर पाहिजे. इजीआर बंद असताना, एका झटक्याला.”

त्याचं तीनशे हवेतून आलेलं नाही. 1248 सीसीचे चार भाग केले की एका सिलिंडरला 312 सीसी येतात. तिशीतल्या तापमानात इथल्या लिटरभर हवेचं वजन साधारण 1.1 ग्रॅम. म्हणजे सिलिंडर काठोकाठ भरला तर 340 मिलिग्रॅमच्या आसपास. आयडलिंगला तो काठोकाठ भरत नाही, म्हणून तीनशेच्या वर. उस्तादने हे गणित मांडलेलं नाही. चांगल्या गाड्यांचे आकडे बघून बघून त्याच्या डोक्यात ते बसलं आहे, आणि नेमकं बसलं आहे.

इजीआर म्हणजे सायलेन्सरकडे जाणारा थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप. तिचं कपलर तो काढतो. वीज गेली की झडप स्प्रिंगने मिटायला हवी आणि आकडा चढायला हवा. आकडा 184. आता डिक्कीतला जुना सेन्सर लावतो. पुन्हा 180च्या घरात. इथे त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू येतं. दोन वेगळे सेन्सर एकच खोटं बोलणार नाहीत. हवा खरंच कमी जात आहे.

पोऱ्या इजीआर खोलतो आणि गॅरेजभर जळक्या तेलाचा, ओल्या काजळीचा कडवट वास पसरतो. भांड्याच्या बुडाला करपलेल्या दुधासारखी काजळीची साय झडपेवर चढलेली. झडप अर्धवट उघडीच अडकलेली. सायलेन्सरकडे जायचा धूर तिथून उलट इंजिनात शिरत होता आणि हवेची जागा खात होता. पिकप त्यामुळे नव्हता, काळा धूरही त्यामुळेच. सेन्सर बिचारा पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता!

“सेन्सरचं कपलर काढून बघा, गाडी सुधारली तर सेन्सर खराब” ही युक्ती सगळीकडे चालते. उस्तादला ती मान्य नाही. ते काढलं की बहुतेक डिझेल गाड्यांचा संगणक इजीआरही बंद करतो. मग गाडी सुधारली ती कशामुळे, हे कसं ठरवायचं? कॉम्प्रेसरच्या हवेने सेन्सर ‘साफ’ करणाऱ्यांवर तर तो भडकतोच. त्या झोताने पापुद्रा फाटू शकतो. साफच करायचा तर त्याच्यासाठी मिळणारा स्प्रे मारावा आणि वाळू द्यावा.

झडप धुऊन, घासून परत बसते. गाडी सुरू होते. इजीआरचं कपलर काढलेलं असताना 318. लावलं की आकडा खाली येतो, काढलं की पुन्हा वर जातो.

“तीनशेच्या वर गेला ना?” उस्ताद पोऱ्याला विचारतो आणि मगच कोड पुसतो.

गाडीत आता जुनाच सेन्सर आहे. नवा त्याच्या खोक्यात गेला. मालकाने नांदेडच्या दुकानात फोन लावून पाहिला. इलेक्ट्रिकल माल परत घेतला जात नाही.