सगळी करामत मोहनाची

समोसा खुसखुशीत होणार की नाही, हे परातीतच ठरतं. २५० ग्रॅम मैद्याला ४ मोठे चमचे तूप किंवा तेलाचं मोहन, थोडा ओवा, मीठ. चोळल्यावर पिठाचा मुटका वळून टिकला, की प्रमाण जमलं. मोहन पिठाच्या कणांना वेढतं, ग्लूटेनचे लांब धागे होऊ देत नाही. म्हणून पारी चिवट होत नाही. पाणी बेतानं घालावं, पीठ पुरीच्या कणकेसारखं घट्ट मळून अर्धा तास झाकावं.

घाई नडते ती तळताना. कडकडीत तेलात पारीला फोड येतात आणि ती आतून कच्ची राहते. आच मंदच हवी.

सारणातला बटाटा मात्र उपरा! मांडूच्या सुलतानांसाठी १५००च्या सुमारास लिहिलेल्या ‘निमतनामा’ या पाकग्रंथात समोसे आहेत, बटाटा नाही. तो भारतात आला त्यानंतर.