शड्डू आणि थाप

मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरली, की बिलोली-देगलूरपासून लोहा-कंधारपर्यंतचे कुस्तीशौकीन तिकडे वळतात. जत्रेतल्या फडाचा रिवाज ठरलेला. आधी पोराटोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, मग नारळावर आणि दिवस कलताना मोठी इनामी कुस्ती. ढाक, कलाजंग, मोळी, घिस्सा ही नावे इथल्या म्हाताऱ्यांना नातवंडांच्या नावांइतकी पाठ. १९६९ साली महाराष्ट्र केसरी झालेले हरिश्चंद्र बिराजदार आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातले, रामलिंग मुदगडचे.

नातवंडे मात्र आता मोबाईलवर जाळीच्या पिंजऱ्यातली ‘मिक्स्ड मार्शल आर्ट्स’ बघतात. आजोबा डोकावतात आणि विचारतात, “अरे, त्याची पाठ टेकली, तरी कुस्ती सुटेना कशी?”

प्रश्न मार्मिक आहे. आपल्याकडे पाठ टेकली की चितपट, निकाल लागला. गळा आवळणे, सांधा मोडणे वर्ज्य. पिंजऱ्यात उताणा पडलेलाही जिंकू शकतो. तो वरच्याचा हात दोन्ही पायांत धरून कोपर उलट्या दिशेने ताणतो. नाहीतर पाठीमागून गळ्याभोवती हात घालून मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबतो. पकड नीट बसली, तर दहा-बारा सेकंदांत शुद्ध हरपते. त्याआधी सुटायचे असेल, तर प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा जमिनीवर तळहाताने थाप द्यायची. थाप म्हणजे ‘हरलो, सोड’. १९९३ साली अमेरिकेत डेन्व्हरला ब्राझीलच्या सडपातळ रॉइस ग्रेसीने एकाच रात्री तिघांना अशी थाप द्यायला लावली आणि जग चकित झाले. २०२१ साली सिंगापूरच्या अंतिम लढतीत कुस्तीच्या घराण्यातली आपली रितू फोगाट कोपराच्या अशाच पकडीत हरली.

आपल्याकडे ‘थाप मारणे’ म्हणजे खोटे बोलणे. या खेळात मात्र थापेइतके खरे काही नाही.

ती न देण्याची किंमतही मोठी असते. डिसेंबर १९७६ मध्ये कराचीत गामा पहिलवानांचा पुतण्या अक्रम जपानच्या अँटोनियो इनोकीशी लढला. इनोकीने त्याचा हात पिरगाळून धरला. अक्रमने हार कबूल केली नाही. हाताला जबर दुखापत झाली आणि लढत थांबवावी लागली. भित्रेपणाचा प्रश्नच नव्हता. त्याच्या घराण्यात शड्डू ठोकायला शिकवले होते, थाप द्यायला नव्हे.

बँकेच्या नोकरीत मी गावोगावचे कर्जदार पाहिले. पाऊस गेला, पीक हातचे गेले, की काही जण लगेच येऊन सांगत, “साहेब, या वर्षी जमत नाही.” त्यांच्या कर्जाचे पुनर्गठन होई, मुदत वाढे आणि पुढच्या हंगामात ते पुन्हा उभे राहत. काही जण तोंड चुकवत, सावकाराकडून घेऊन आमचा हप्ता भरत. गावात त्यांचा ताठा कायम राही. घरात काय मोडत होते, ते उशिरा कळे. आपल्या मराठवाड्याला हा ताठा फार महाग पडला आहे.

पिंजऱ्यातला खेळ मुलांनी खेळावा की नाही, हे आईबापांनी ठरवावे. पण त्याच्या तालमीत पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवतात. पकड बसली की वेळेवर थाप द्या आणि समोरच्याने थाप दिली की त्याच क्षणी सोडा. थाप देणारा दुसऱ्या दिवशी धड हातपाय घेऊन पुन्हा सरावाला येतो.

शड्डू ठोकायला आपण पोरांना शिकवलेच आहे. आता हेही शिकवायला हवे.