इंग्रजीच्या तासाला कोणाचे साहित्य?

कॅनडातील टोरांटो शहराच्या शाळा मंडळाने १ फेब्रुवारी २०२३ रोजी एक ठराव मंजूर केला. अकरावीच्या सक्तीच्या इंग्रजीत यापुढे तेथील मूळनिवासींचे, म्हणजे फर्स्ट नेशन्स, मेती आणि इन्युइट समाजांचे साहित्य शिकवायचे. लगेच ओरड झाली, मग शेक्सपिअरचे काय? शेक्सपिअरला नववी, दहावी आणि बारावी मोकळीच आहे. पण प्रस्थापितांच्या ताटातली एक पोळी कमी झाली की त्यांना दुष्काळ दिसू लागतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

ठरावातील महत्त्वाचा शब्द 'सक्तीचे' हा आहे. हा अभ्यासक्रम ऑन्टॅरिओ प्रांतात आधीपासून होता, काही मंडळांनी तो सक्तीचाही केला होता. पण ऐच्छिक विषय मुळात ज्याला कळकळ आहे तोच घेतो. आणि दुसरे असे की, इतिहासाच्या पुस्तकात हा समाज पीडित म्हणून येतो, भाषेच्या वर्गात तो लेखक म्हणून येतो.

रिचर्ड वॅगमीस या ओजिब्वे लेखकाची 'इंडियन हॉर्स' (२०१२) ही कादंबरी घ्या. कॅनडात सुमारे दीड लाख मुले घरापासून तोडून निवासी शाळांत कोंडली गेली. सत्यशोधन आयोगाने २०१५ साली याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले. कादंबरीतील सॉल अशाच शाळेत आहे. खेळायला लहान म्हणून पहाटे बर्फ झाडायचे काम तो मागून घेतो आणि घोड्याच्या गोठलेल्या लेंड्यांवर हॉकीचा सराव करतो. ज्या पाद्र्याने त्याला हा खेळ दिला त्यानेच त्याच्यावर काय अत्याचार केले, हे सॉल शेवटाकडे सांगतो. दयाबुद्धीने वाचणारा इथे डोळे पुसून पुस्तक मिटतो. भाषेच्या वर्गाने विचारायचे ते हे, की त्याने इतका वेळ ते स्वतःपासूनही का लपवले?

याच कादंबरीवर २०१७ साली चित्रपट आला, पण दिग्दर्शक मूळनिवासी नव्हता. त्याच्या शेजारी अ‍ॅलानिस ओबोमसाविन यांचा १९९३ चा 'कानेसाताके' हा माहितीपट लावला की फरक कळतो. १९९० साली ओका येथे गोल्फ मैदान वाढवण्यासाठी मोहॉक लोकांच्या दफनभूमीवर डोळा ठेवला गेला. ७८ दिवस संघर्ष चालला, लष्कर आले. स्वतः अबेनाकी असलेल्या ओबोमसाविन कॅमेरा घेऊन मोहॉकांच्या बाजूला नाकेबंदीच्या आत राहिल्या.

मात्र नुसत्या जखमाच शिकवल्या तर मुलांना तो समाज म्हणजे जखमच वाटेल. म्हणून झकारियास कुनुक यांचा 'अतानारजुआत' (२००१) दाखवला पाहिजे. इनुक्टिटुट भाषेतील या चित्रपटात जुनी इन्युइट कथा आहे. गोरा माणूस त्यात औषधालाही नाही.

याच मंडळाने ८ मार्च २०२३ रोजी जातीय अत्याचाराची दखल घेणारा ठराव केला. कॅनडातील शाळा मंडळाचा असा तो पहिलाच ठराव. त्याला विरोध करणाऱ्यांत आपल्याच देशातून गेलेले लोक होते. आणि इकडे २०२१ साली दिल्ली विद्यापीठाने बी.ए. इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून बामा आणि सुकिर्तराणी यांना काढून टाकले.

टोरांटोतील भारतीय घरांतली मुलेही आता वॅगमीस वाचतील. आपल्याकडे असे लेखक कोण, असे त्यांनी घरी विचारले तर किती मराठी आईबापांच्या कपाटात बाबुराव बागूल सापडतील?