इंद्रायणीचा नुक्ता, पुण्याची खुद्री

२०१६ च्या मे महिन्यात बहिणीच्या दोन्ही पोरांना घेऊन बेळगावजवळच्या काकतीहून मुंबईला गेलो, ते तारापोरवाला मत्स्यालय दाखवायचं म्हणूनच. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेलं हे मत्स्यालय २०१५ मध्ये नव्यानं सजलं होतं आणि आत शिरताच पारदर्शक बोगदा होता. मासे डोक्यावरून जायचे. थोरला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत राहिला. धाकटी मात्र मान वर करून बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "मामा, आपल्या मार्कंडेयतल्या माशांची नावं काय रे?"

वांब. मरळ. पुढचं नाव सुचेना. नदी आमच्या गावाजवळून वाहते, लहानपणी तिच्यात मनसोक्त डुंबलोय. तरी मी गप्प बसलो. तेव्हापासून ही नावं शोधतो आहे.

शोधता शोधता एक जुना निबंध हाती लागला. लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीनं १८३९ मध्ये छापलेला, विषय दख्खनचे मासे. लेखक कर्नल विल्यम हेन्री साईक्स. खडकीच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध लढलेला कंपनीचा हा अधिकारी. ऑक्टोबर १८२४ मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन यानं त्याला मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी नेमलं. त्याच महिन्यात, २३ तारखेला, कित्तूरच्या वेशीवर कंपनीचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. ज्या राणीच्या फौजेनं त्याला मारलं, ती चन्नम्मा आमच्या काकतीची लेक. साईक्सच्या दख्खनमध्ये पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे येत. बेळगाव धारवाडातून वेगळं निघालं ते १८३६ साली. म्हणजे आमचा मुलूखही त्याच्या वहीच्या हद्दीत होता.

साईक्सनं शेतसारा, पाऊस, लोकसंख्या, पक्षी सगळंच मोजलं, टिपलं. ते सोडून देतो. मला खिळवून ठेवलं ते त्यानं माशांना दिलेल्या नावांनी. नव्या जातीला शास्त्रीय नाव द्यायचं तर त्या काळचे विद्वान लॅटिन किंवा ग्रीक शब्द धुंडाळायचे, नाहीतर एखाद्या साहेबाचं नाव चिकटवायचे. साईक्सनंही काही मासे मित्रांच्या नावे केले. पण बाकीची यादी वाचावी: खुद्री, कोळस, बोगट, फुलंगी, मळ्या, नुक्ता. इंग्रजी अक्षरांत हे शब्द पार वाकडेतिकडे झालेत. एकेक मोठ्यानं उच्चारला की मात्र जाळं ओढणाऱ्या माणसाचा आवाज ऐकू येतो. कुणीतरी नदीकाठी मासा हातात धरून "हा नुक्ता" असं सांगितलं असणार आणि साहेबानं ते लिहून घेतलं असणार. त्या सांगणाऱ्यांची नावं निबंधात असायला हवी होती. नुसता साईक्सचा गौरव करून थांबणं मला पटत नाही.

नुक्ता त्याला चाकणजवळ इंद्रायणीत मिळाला. नाकाडावर खोल खाच आणि तिच्या वर शिंगासारखा उंचवटा, असा हा मासा एकदा पाहिला की विसरत नाही. साईक्सनं त्याला कार्प माशांच्या गटात घातलं. पुढे ब्लीकर या डच शास्त्रज्ञानं त्याच्यासाठी दुभंगलेल्या नाकाडाची वेगळी प्रजाती केली. नामकरणाचा नियम असा की प्रजाती बदलली तरी जातीचं नाव टिकतं. म्हणून आजही जगभरच्या सूचींत शेवटचा शब्द 'नुक्ता' हाच आहे. मासा मात्र संकटग्रस्तांच्या यादीत गेला आहे.

आणखी एक योग असा की सार्वजनिक मत्स्यालय ही कल्पना जगात पहिल्यांदा प्रत्यक्षात आली तीही याच झूलॉजिकल सोसायटीच्या लंडनमधल्या बागेत, १८५३ साली. दख्खनच्या नद्यांचे मासे तिच्या कागदांवर त्याच्या चौदा वर्षं आधीच पोचले होते.

खुद्रीची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत साईक्सला सापडलेला हा दख्खनचा महसीर. पुढे मुंबई राज्याच्या मत्स्यखात्यातले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी त्याच्या मागे लागले. या माणसानं १९४० मध्ये मुंबईच्या खाड्यांतला काचेसारखा आरपार दिसणारा इवलासा मासा शोधून त्याच्यासाठी नवं कुळ मांडलं होतं. मराठी वाचकांना त्यांचं नाव माहीत नसावं याची मला खंत वाटते. धरणांनी महसीरच्या विणीच्या वाटा अडवल्या, तेव्हा लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माद्यांची अंडी हातानं काढून, फळवून, पिल्लं वाढवली. ती पिल्लं दूरदूरच्या नद्यांत गेली, कावेरीतही. तिथं कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर होता. खुद्री वाढत गेली, कुबडा विरळ होत गेला. २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला. त्याच्या ऱ्हासाला वाळूउपसा, धरणं, सुरुंगानं केलेली मासेमारी हीही कारणं आहेत. तरी एका खोऱ्यातला मासा दुसऱ्या खोऱ्यात सोडणं ही चूकच होती, हेतू कितीही चांगला असो.

खोरं म्हटलं की नकाशा उघडावा लागतो. इंद्रायणी आणि मुळा-मुठा भीमेला मिळतात, भीमा कृष्णेला. आमची मार्कंडेय घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर इथं होतं. साईक्सनं पुण्याकडे टिपलेले मासे आणि आमच्या नदीतले मासे एकाच खोऱ्यातले भाऊबंद.

तारापोरवाला २०२० मध्ये करोनाच्या साथीत बंद झालं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाची आली, तेव्हा मी तिला मार्कंडेयच्या काठी नेलं. एक म्हातारा पाग टाकत होता. त्यानं दगडांच्या फटीतला बोटभर तपकिरी मासा दाखवला. तोंडाखाली चकतीसारखा भाग, त्यानं हा दगडाला घट्ट धरून वाहत्या पाण्यात टिकतो. मळ्याच्या जातीचा. मी सांगायच्या आत तिनं विचारलं, "अज्जा, याला काय म्हणता?" त्यानं कन्नडमध्ये नाव सांगितलं. तिनं वहीत मराठीत 'मळ्या' लिहिलं आणि त्याच ओळीत, शाळेत शिकलेल्या वळणदार कन्नड अक्षरांत, अज्जानं सांगितलेलं नाव.