कलते माप

उभ्या पिकाकडे बांधावरून पाहून त्याला सोळा आण्यांपैकी किती आणे द्यावयाचे, हे ठरविण्याची जी आणेवारीची पद्धत महसूल खात्यात पिढ्यान्‌पिढ्या रूढ होती, तिच्यावर साऱ्याची सूट व तहकुबी अवलंबून असल्याने, कोल्हापूर जिल्ह्यातील आजऱ्यासारख्या भाताच्या मुलखात तिच्याविषयी संशय असणे स्वाभाविकच होते. रयतेला वाटे, अंमलदार सरकारची बाजू घेतो. सरकारला वाटे, गावकामगार रयतेची घेतो. दोष शोधला जाई तो नेहमी नियतीत.

या समजुतीला खरा धक्का दिला तो सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. १९४६ च्या सुमारास, यदृच्छेने निवडलेला शेताचा तुकडा कापून धान्य तोलण्याच्या प्रयोगांत त्यांना आढळले, की तुकडा जितका लहान, तितका उतारा फुगून येतो. दोन-तीन फूट त्रिज्येचे वर्तुळ आखले, की नेमका रेघेवर उभा असलेला भाताचा चूड आत धरावा की बाहेर, असा प्रश्न पडतो आणि कापणाऱ्याचा हात त्याला आत ओढतो. लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानाने परीघ मोठा, म्हणून अशा चुडांनी सारे माप कलते. यात लबाडी कोणाचीच नाही. परंतु असे हजार तुकडे कापले तरी चूक मिटत नाही, कारण ती सर्वत्र एकाच दिशेची असते. संख्याशास्त्र जिला अभिनती म्हणते, ती हीच.

न्यायशास्त्राची दृष्टीही, मला वाटते, याहून फार दूर नाही. १९६९ साली क्रैपक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वनसेवेची निवड रद्द ठरविली, ती निवड मंडळावर एक उमेदवारच सभासद होता म्हणून. स्वतःच्या नावाचा विचार होताना तो बैठकीत नव्हता, तरीही. आणि २६ जुलै १९०२ रोजी शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानातील रिक्त होणाऱ्या नोकऱ्यांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, तेव्हा एकेका अधिकाऱ्याचे अंतःकरण तपासत न बसता त्यांनी नेमणुकीची रीतच बदलली. हा इलाज मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

साहित्यात मात्र कल नाहीसा करता येत नाही. तो वाटून द्यावा लागतो. आजऱ्याचे सुपुत्र शिवाजी सावंत यांनी १९६७ च्या 'मृत्युंजय'मध्ये कर्णाची कथा स्वतः कर्णासह कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांच्या तोंडून सांगविली, आणि तोलण्याचे काम वाचकावर सोपविले.

आज आण्यांची पैसेवारी झाली आहे, पन्नास पैशांच्या रेषेवर गावाचा दुष्काळ वर्षानुवर्षे ठरत आला, आणि पीककापणीचा प्रयोग त्या हिशेबाचा पाया आहे. आजऱ्याच्या शेतकऱ्यांस माझे आग्रहाचे सांगणे एवढेच, की घनसाळ भात कापणीस आला असता तुकड्याची आखणी होईल त्या दिवशी आपण शेतावर जातीने हजर राहावे, आणि रेघेवरचा चूड कोणीकडे धरला जातो, ते स्वतः पाहावे.