दम लागतो, तो वयामुळेच का?

"काही नाही व माय, वय झालं आता!" आमच्या गल्लीतल्या ७८ वर्षांच्या काकू वर्षभर हेच सांगत होत्या. मलकापूर स्टेशनचा जिना चढताना त्या दोनदा थांबायच्या. आम्हीही मान डोलवायचो. मग एक दिवस पाण्याची बादली उचलताना त्यांना भोवळ आली, तेव्हा कुठे टू-डी इको झाला. हृदयातली महाधमनीची झडप अरुंद झाली होती.

मैत्रिणींनो, हृदयातलं रक्त साऱ्या शरीराकडे निघतं ते याच झडपेतून. उतारवयात तिच्यावर चुन्यासारखा थर साचतो. तीन-चार चौरस सेंटिमीटरचं तोंड एकापेक्षाही कमी होतं. मग चालताना दम लागतो, छातीत दुखतं, चक्कर येते. हा त्रास सुरू झाल्यावर गोळ्यांनी झडप उघडत नाही, आणि उपचाराविना बरेचसे रुग्ण दोन-तीन वर्षंच काढतात.

पूर्वी छाती उघडून झडप बदलणं हाच मार्ग होता. ज्यांना ते झेपणार नाही, त्यांचं काय? फ्रान्समधल्या रुआं शहरातले डॉ. अलँ क्रिबिए यांनी १९८५ मध्ये अशाच एका ७२ वर्षांच्या बाईंची झडप नळीतून नेलेल्या फुग्याने रुंद केली. पण फुग्याने उघडलेली झडप काही महिन्यांत पुन्हा आकसते, हे पुढे कळलं. तेव्हा फुग्यावरच नवी झडप बसवून आत न्यायची, ही कल्पना त्यांनी धरून ठेवली आणि २००२ मध्ये ती माणसावर प्रत्यक्षात आणली. तिलाच आज 'टावी' म्हणतात. आपल्या शेजारच्या गुजरातेत, वापीच्या कंपनीतही अशी झडप तयार होते.

काकूंच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सारं समजावलं. आधी सीटी स्कॅन करून झडपेचं माप घेतात. ब्लाउजच्या मापात चूक झाली तर उसवता येतं, इथे ती सोय नाही. मग जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. जुनी झडप फारच कडक असेल तर आधी एक फुगा फुगवून वाट करतात. तेव्हा रक्ताच्या धक्क्याने फुगा घसरू नये म्हणून पेसमेकरने काही सेकंद हृदय मिनिटाला १८० ते २०० वेळा धडधडवतात. मग फुग्यावर घट्ट मिटवलेली नवी झडप आत नेऊन फुगवतात, की ती जुनीला बाजूला दाबून जागेवर बसते. कडेने रक्त गळत असेल तर पुन्हा एकदा फुगा. काही झडपा आपणहून उमलतात, त्यांना बसवायला फुगा लागतोच असं नाही.

यात धोकेही आहेत. जास्त फुगवलं तर झडपेची कडा फाटू शकते, अर्धांगवायू होऊ शकतो, कुणाला कायमचा पेसमेकर लागतो. म्हणूनच फुगा किती मोठा आणि किती वेळा, हा अनुभवी हातांचा निर्णय.

खर्च लाखांच्या घरात. काकू म्हणाल्या, "या वयात माझ्यावर एवढे पैसे कशाला?" मुलगा काही बोलला नाही. थोरली सूनच म्हणाली, "आई, हेच मामंजींचं असतं, तर तुम्ही विचारलं असतं का?" काकू गप्प झाल्या. मुंबईला ऑपरेशन झालं. आता त्या रोज संध्याकाळी देवळात जातात, आणि वाटेत थांबतात त्या फक्त गप्पांसाठी.

प्रत्येकीला टावीच लागेल असं नाही. कुणाला छाती उघडून केलेली शस्त्रक्रियाच योग्य, तर कुणाचा दम साध्या रक्तक्षयाचा असतो. पण कारण तर कळू द्या! डॉक्टरांना स्टेथोस्कोपने छाती नीट ऐकायला सांगा, त्यांना वेगळा आवाज आला तर इको करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आणि घरातली सासू, आई "वय झालं" म्हणाली, की लगेच मान डोलवू नका. मी डोलवली होती, म्हणून सांगते.