अंतर नकाशावरचे, वेळ वाऱ्याची

नकाशावर पट्टी ठेवून पाहिले, तर अर्जेंटिनाची राजधानी ब्युनॉस आयर्स आणि चिलीची राजधानी सँटियागो यांच्यातील हवाई अंतर सुमारे ११४० किलोमीटर भरते. आजचे जेट विमान ते दोन-सव्वादोन तासांत कापते. चिलीच्या हिवाळ्यात तेथील घड्याळ अर्जेंटिनापेक्षा एक तास मागे असते. त्यामुळे दहाला निघालेला प्रवासी सव्वाअकराच्या सुमारास पोहोचल्यासारखा वाटतो! परतीच्या प्रवासास मात्र बहुधा वेळ थोडा कमी लागतो. अंतर तेच असता हा फरक का पडावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात सहजच येईल.

याचे उत्तर वाऱ्यात आहे. या मार्गावर अँडीजची भिंत उभी असून तिच्यातील अकोन्काग्वा शिखराची उंची ६९६१ मीटर आहे. त्याहूनही उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा अतिवेगवान वारा वाहतो. विमानाचा हवेतील वेग कायम राहिला तरी समोरून वारा आला की जमिनीवरील वाटचाल तेवढी मंदावते.

हे ज्ञान मानवास सहजी लाभलेले नाही. २ ऑगस्ट १९४७ रोजी 'स्टार डस्ट' नावाचे ब्रिटिश विमान ११ जणांना घेऊन ब्युनॉस आयर्सहून सँटियागोकडे निघाले. सायंकाळी ५ वाजून ४१ मिनिटांनी त्याने संदेश धाडला, की आपण ५.४५ ला पोहोचू. अवघी चार मिनिटे उरली होती. पण विमान आले नाही. दोन्ही देशांनी शोध घेतला, तरी मागमूस लागला नाही. तर्ककुतर्कांना मात्र ऊत आला.

पुढे १९९८ मध्ये तुपुंगातो पर्वताच्या हिमनदीत गिर्यारोहकांना त्याच्या इंजिनाचे अवशेष आढळले. २००० साली अर्जेंटिनाच्या लष्करी मोहिमेने आणखी अवशेष शोधले. त्यांत एका चाकात अजून हवा भरलेली होती! मग उलगडा झाला. दाट ढगांमुळे वैमानिकास खाली काही दिसत नव्हते. घड्याळाच्या हिशेबाने पर्वत मागे पडला होता. परंतु समोरच्या वाऱ्याने विमान रोखून धरले होते, आणि ते उतरू लागले ते पर्वतावरच. चौकशीत वैमानिकास दोष दिला गेला नाही. त्या काळी या वाऱ्याची माहितीच फार थोडी होती.

१३ ऑक्टोबर १९७२ रोजी हाच हिशेब पुन्हा चुकला. उरुग्वेच्या हवाई दलाचे विमान ४५ जणांना घेऊन सँटियागोकडे चालले होते. प्लांचोन खिंडीपासून कुरिको गावापर्यंत ११ मिनिटे लागतात. वैमानिकांनी तीनच मिनिटांनी आपण कुरिकोवर आल्याचे कळविले आणि विमान उत्तरेस वळविले. वाट अजून पर्वतातच होती. ७२ दिवसांनंतर त्यांपैकी १६ जण जिवंत परतले.

आज उपकरणे विमानाचे नेमके स्थान क्षणोक्षणी सांगतात, वाऱ्याचा अंदाज आधीच हाती असतो. तिकिटावर छापलेली वेळ आपण सहज वाचून जातो. त्या आकड्यामागे किती जणांच्या प्राणांचे मोल दिलेले आहे, याचे स्मरण आम्हांस ठेवावेसे वाटते.